नो लाँगर विथ अस

बर्डीवर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
माझा क्लास भरतो, साडेचार ते सहा.
मे महिना. कूलरच्या ताट्यांतून पाणी गळतं
आणि मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते:
ही हॅज बीन टु अमरावती.
ही हॅज गॉन टु अमरावती.

पहिला जाऊन आला, मी सांगते,
आता इथेच बसलाय, तर्री-पोहे खात.
दुसरा अजून तिकडेच.
पोरं हसतात. प्रज्वल मेश्राम म्हणतो,
मॅडम, तिसरा येऊन राहिला, एसटीत हाय,
त्याले काय म्हनाव?
त्याच्यासाठी इंग्रजीत वेगळं रूप आहे, मी म्हणते,
पण तुझ्या ‘येऊन राहिला’त
येणंही आहे आणि राहणंही,
एवढी श्रीमंती त्यांच्याकडे नाही.

शेवटच्या बाकावर वनमाला निखाडे.
वय बावन्न, वहीला ब्राउन पेपरचं कव्हर.
तीन महिन्यांत एक दांडी नाही,
एक प्रश्न नाही.
अ फ्यू आणि फ्यू तिला सगळ्यांआधी कळलं होतं:
थोडे आहेत; थोडेच आहेत,
ती पुटपुटली होती, डब्यातल्या नोटा मोजल्यासारखी.
स्टॉप्ड टु टॉक, स्टॉप्ड टॉकिंग:
एक बोलायला थांबला,
एकाचं बोलणंच थांबलं.
हे तिनं दोनदा लिहून घेतलं.

आज सगळे गेले तरी ती उठली नाही.
पिशवीतून कॅरीबॅग, कॅरीबॅगमधून कागद,
घड्यांवर फाटत आलेला. मस्कतची कंपनी.
नवऱ्याच्या चौकशीला एका ओळीचं उत्तर:
मिस्टर निखाडे इज नो लाँगर विथ अस.

“भाचा म्हने, नोकरी सोडली.
कॅफेवाला म्हने, बाई, आधी बसा.
म्हून ठरवलं, आपनच शिकाव.”

मी वाचलं. पुन्हा वाचलं.
पंचवीस वर्षं हेच शिकवतेय.
‘विथ द कंपनी’ लिहिलं असतं तर
एका शब्दात निकाल होता.
कुणा कारकुनानं, बहुतेक जेवणाच्या सुट्टीआधी,
‘अस’ लिहून टाकलं,
आणि त्या ‘अस’मध्ये ऑफिस मावतं,
हजेरीपट, कँटीन,
आणि आपण सगळे, श्वास घेणारे, तेही.

मराठीत सांगायचं तर आधी ठरवावं लागतं:
आमच्याकडे नाहीत
की आमच्यात नाहीत.
मी ‘आमच्या’पर्यंत आले
आणि थांबले.
तिची टिकली घामानं जराशी सरकली होती.

“मॅडम, यातला कोनता हाय?”

दोन्ही होतात, म्हटलं.

तेवढ्यात लाइट गेली.
खाली झेरॉक्सचं मशीन अर्ध्या पानावर थांबलं,
कूलरचा पंखा फिरत फिरत मंदावला,
आणि रस्त्यावरचा सगळा आवाज वर आला,
भाव, हॉर्न, कुणीतरी कुणाला काऊन बे म्हणणारं.
ती खिडकीकडे सरकली, उजेडाला.
पेन्सिलीला टोक केलं.
साल वहीत गोळा केली, जमिनीवर पडू दिली नाही.
मग मला न विचारता लिहायला लागली,
एकेक अक्षर सुटं सुटं:
डिअर सर,
ही हॅज गॉन व्हेअर?

लाल पेन माझ्या हातातच होतं.
शब्दांचा क्रम चुकलाय, मी म्हणणार होते.
पण गॉन बरोबर होतं.