उलटं फूल

बाबा फुलं उलटी कोरायचे.
उंचवटा हवा तिथे खड्डा,
उजवीकडची पाकळी डावीकडे,
आणि मासा असला तर
यायचा तिकडेच निघालेला.
डोंगरी चेरीचं लाकूड, तीन वर्षं छपराखाली वाळवलेलं,
त्यावर वाकलेली त्यांची पाठ.
कोरून झालं की ओल्या मातीचा गोळा आत दाबून बघत,
बघून झालं की मोडून टाकत.
ताकामात्सुच्या त्या गल्लीत
मिठाईचं दुकान समोरच्यांचं होतं,
आमचे नुसते साचे.

आता साचेही माझे, साखरही माझी.
पहाटे वासानबोन चाळते,
चार थेंब पाणी,
पाचवा पडला की गेलं सगळं.
मुठीत दाबली तर मूठ धरावी,
बोट लावलं तर विस्कटावी.
साच्यात भरते, पालथा घालते,
लाकडी हातोडीची एक टिचकी:
नखाएवढं फूल कागदावर.

आमच्या धंद्यात ऋतूच्या पुढे एक पाऊल चालायचं.
चेरी फुलायच्या आत चेरी विकायची,
नदीकाठचं पहिलं झाड फुललं
की साचा धुऊन फळीवर.
"खऱ्यासमोर आपण तोंड वर करू नये," बाबा म्हणायचे.
उन्हाळ्यात वाहत्या पाण्याच्या रेघा,
ओबोनला पितरांसाठी कमळं;
ती चार दिवस उदबत्तीचा धूर पीत बसतात,
मग पोरं पळवतात.

शेवंतीच्या साच्यात मात्र एक चूक आहे.
सातव्या पाकळीवर छिन्नी घसरलेली,
केसभर.
त्या वर्षी आई इस्पितळात होती,
रात्र तिच्या उशाशी काढून
बाबा उजाडता कोरायला बसत.
लाकडातला ओरखडा
साखरेत उठून दिसतो,
पाकळीवर एक बारीक शीर.
चहा शिकवणाऱ्या मोरिवाकीबाई
दर शरदात चष्मा कपाळावर चढवून ती न्याहाळतात.
"काय हात होता! शेवंतीची नस न् नस ठाऊक."
मी मान लववते
आणि डबा बांधून देते.

परवा ओसाकाहून भाचा आला, इत्सुकी.
साच्याला तडा गेलाय म्हणून
कसल्याशा यंत्रानं त्याचं माप घेतलं.
पडद्यावर फूल फिरत राहिलं,
साखरेवाचून सुलटं झालेलं.
"मावशी, हा ओरखडा पुसून टाकू?
एक बटण दाबायचं."
म्हटलं, थांब जरा.

तो झोपल्यावर एक शेवंती जिभेवर ठेवली.
ती शीर सगळ्यांत शेवटी विरघळते
असं सांगायला मला आवडलं असतं.
पण उठून असतं ते आधी जातं.
पहिल्याच क्षणी गेली.
पाकळ्या नंतर,
मधला गोल त्याच्याही नंतर.

मग दुसरी उचलली.