कलम सात

जिल्हा कोर्टाच्या मागे, झेरॉक्सवाल्यांच्या रांगेपलीकडे
आमची खोली. टेबल गोल.
प्रशिक्षणात सांगितलं होतं, चौकोनी टेबलाला डोकं असतं,
मग सगळेच डोक्याशी बसायला बघतात.
चाळीस तासांत हे शिकले,
आणि पाण्याचा तांब्या मधोमध ठेवायला.

इथलं इथेच राहावं असा नियम आहे,
म्हणून नावं बदलली आहेत. पितळ तेवढं खरं.

पुंडलिक रणशिंगे आणि सुखदेव रणशिंगे,
सख्खे भाऊ, वादी आणि प्रतिवादी,
नऊ वर्षं, एकतीस तारखा.
वाद नावाचा.
मल्हारगंजात समोरासमोर दोन दुकानं,
थोरल्याच्या पाटीवर जागृती ब्रास बँड, मराठीतली दीर्घ ती,
धाकट्याच्या पाटीवर हिंदीतली ह्रस्व.

"हा माझं नाव वापरून राहिला आहे, ताई."
"नाव बाबांनी ठेवलं भिया, तुझं कधीपासून झालं?"

वकील असते तर इथे एक कागद पुढे सरकला असता.
मी पेनाला टोपण लावलं.

दोन शनिवार गेले नुसते मोजण्यात:
लाल कोट किती, दिव्यांच्या छत्र्या किती,
जनरेटरचे हप्ते कुणी फेडले, मोठा भोंगा कुणी दडवला.
तिसऱ्या शनिवारी पुंडलिक म्हणाला,
देवासच्या लग्नात यानं चढाच्या जागी श्वास सोडला,
अख्खी वरात थबकली, बाबांची मान खाली गेली.
सुखदेव ताडकन उठला. मला वाटलं, गेलं सगळं.
"श्वास नाही सोडला. दात पडला होता,"
आणि वरचा ओठ उचलून दाखवला.

खिंड अजून तिथेच होती.

पुंडलिकनं वाकून पाहिलं, बराच वेळ,
घोडा विकत घेताना पाहावं तसं.
"मग बोलला का नाहीस?"
"तू विचारलं होतंस?"

कारकुनानं उगाच पंखा एकनं वाढवला.

त्यानंतर मात्र कलमं लिहिता आली.
एकाला ह्रस्व, एकाला दीर्घ, पाट्या आहेत तशा.
भोंगा सहा-सहा महिने.
बाबांचा फोटो दोन्हीकडे, हार ज्याचा त्यानं घालावा.
कलम सात माझं, त्याचा मला थोडा गर्वही होता:
दोन वराती एका गल्लीत समोरासमोर आल्यास
ज्याचा नवरदेव घोड्यावर, त्याला आधी वाट.

मिठी वगैरे काही नाही.
पुंडलिकनं नखानं शाई वाळली का पाहिली,
दोघं दोन जिन्यांनी उतरले.
निकाल लागला असता तर एक पाटी चुन्याखाली गेली असती,
आणि तिचा मालक हायकोर्टात.

देवउठनीच्या रात्री बडा गणपतीकडून कचोऱ्या घेऊन येत होते,
तर गल्ली तुंबलेली.
या टोकाला दीर्घ, त्या टोकाला ह्रस्व,
दोन्ही नवरदेव घोड्यावर.

कलम सातात हे नव्हतं.

पुडा छातीशी धरून मी भिंतीला लागले,
डोक्यावरून शाल ओढून घेतली.
दोन्ही बँड थांबले.
मग जनरेटर ऐकू आले, मग घोड्यांचे घुंगरू,
मग कुठल्याशा वऱ्हाडातलं रडकं पोर.
पुंडलिकनं क्लॅरिनेट काखेत मारली,
भावाला आईवरून एक शिवी हासडली,
जी त्याचीही आई होती,
आणि आपल्या छत्र्या भिंतीला लावायला लावल्या,
एकेक, माझ्या खांद्याला घासून.

सुखदेव मधून गेला. बघितलं नाही त्यानं,
पण गल्ली संपेपर्यंत ट्रम्पेट खालीच होतं.
वळणापलीकडे गेल्यावर तीच जागा घेतली, चढाची.
इकडे पुंडलिक भिंतीकडे तोंड करून,
न फुंकता, बोटांनी भोकं उघडत मिटत होता.

सुटला श्वास. जरासा.
शेजारचा पोरगा ढोलावर वाकून हसला.

"दात नाही त्याला तिथं,"
पुंडलिक त्याच्यावर खेकसला, "हसतो काय?"