मोर्शेदाचं पाणी

दाकोपच्या बांधावर सायकल चालवत नाहीत,
हातात धरून नेतात.
दोन्ही अंगांना कोळंबीची तळी,
नजर पोचेल तिथवर पाणी
आणि घोटभर प्यायचं नाही.

मोर्शेदाच्या दंडाला पट्टा गुंडाळला,
फुगा दाबला, सोडला,
पुन्हा दाबला.
एकशे पन्नास. खाली शंभर.
सातवा महिना.
पावलावर अंगठा टेकवला तर खळगा तसाच राहिला,
ओहोटीनंतर गाळात राहतो तसा.

‘डोकं दुखतं?’
‘कुणाचं दुखत नाही, आपा?’
‘डोळ्यांपुढे काजवे येतात?’
ती हसली.
‘रात्री कमरेएवढ्या पाण्यात कोळंबीची पिल्लं धरते मी.
काठावर काजवेच असतात.
खरे कुठले, डोळ्यांतले कुठले,
कसं सांगू?’

मीठ कमी खा, असं मी म्हणणार होते.
छापील कागदावर तसंच आहे, चित्रासकट:
मिठाची बरणी, तिच्यावर लाल फुली.
एवढ्यात तिनं पेला पुढे केला.
दारी आलेल्याला पाणी.
मी प्यायले.
मग तो कागद पिशवीबाहेर काढता आला नाही.

मिठाची बरणी नाहीच त्या घरात.
‘भाताला वरून घालावंच लागत नाही,’ सासू म्हणते,
जणू तेवढीच बचत.
खाल्ल्या मिठाला जागावं, असं सांगत आलेत सगळे.
इथं मीठच जागं असतं,
रात्रभर, नसांतून.

धाकटी लुत्फा जशोरला दिली.
अंगणात हापसा, गोडं पाणी.
दोघी एका कुशीतल्या,
तीच बारीक मनगटं, तोच हट्टी जबडा.
लुत्फाचा पोरगा तीन किलो दोनशे.
मोर्शेदाचं पहिलं
मी माझ्या ओढणीत गुंडाळलं तेव्हा
कोंबडीपेक्षा हलकं होतं
आणि रडलं नव्हतं.
गाव म्हणालं, हिच्या पोटातच खोट.

वहीत ‘कारण’ या शब्दापुढे
दोन बोटं जागा असते.
तिथं कुठं बसवू
तो तळ्याचा मालक, ज्यानं रात्रीतून बांध फोडून
भाताच्या शेतात खाडी घेतली,
तो नवरा, जो वीटभट्टीवरून सणालाच येतो,
ती पावसाच्या पाण्याची टाकी,
जी पत्र्याचं छप्पर असलेल्यांनाच मिळाली
(माझ्या घराला पत्रा आहे.
टाकी आहे.
टाकीला कुलूप आहे.
माझ्या दोन्ही मुली वेळेवर जन्मल्या.)
मी लिहिलं: रक्तदाब.
खोटं नव्हतं.

या खेपेला वही मिटली
आणि सासूजवळ चुलीपाशी जाऊन बसले.
ट्रॉलरचं भाडं, बसचं भाडं,
पिल्लं कोण धरणार, लोक काय म्हणतील,
पहिलटकरीण थोडीच आहे.
सगळं ऐकलं.
मग म्हणाले, ‘चाची, माझ्या घरचं पाणी आणलंय, पिऊन बघा.’
तिनं घोट तोंडात धरला,
बराच वेळ गिळला नाही.

त्याच भरतीला ट्रॉलर निघाला.
मोर्शेदाच्या मांडीवर गाठोडं,
गाठोड्यात मागच्या खेपेचं झबलं,
घडीही न मोडलेलं.
जशोरच्या इस्पितळाची चिठ्ठी मी तिच्या मुठीत कोंबली
आणि मूठ मिटून धरली.

चोविसाव्या दिवशी लुत्फाचा फोन.
मुलगी. एक किलो सातशे.
काचेच्या पेटीत ठेवलीय,
पण रडली, आपा, सगळा वॉर्ड उठवला.
मोर्शेदाची सूज अजून आहे.
अजून काही सांगता येत नाही, म्हणतात डॉक्टर.

सासूला सांगायला बांधावरून गेले.
ती तांदूळ धूत होती, मान वर केली नाही.
नात म्हटल्यावर हात थांबले,
पुन्हा चालू झाले.
बरोबर नेलेली माझी कळशी मी उंबऱ्यात ठेवली
आणि सायकल वळवली,
तेव्हा मागून विचारलं तिनं,
‘तिकडे भाताला
मीठ घालावं लागतं का गं?’