चाउंगझोनच्या कचेरीत

कारकून तसा भला माणूस.
पानाचा तोबरा खिडकीबाहेर टाकून आला,
मग म्हणाला, नाव?

मी चान थॉ, मी म्हणाले.

'मी' नको. 'मा' लिहू.
रकान्यात तसंच बसतं.
वडिलांचं 'नाय' होतं ना, त्याचं 'ऊ' झालं,
त्यांच्या मरणाच्या दाखल्यावर.
हरकत घ्यायला ते नव्हते.

आमच्यात बाईच्या नावाआधी मी असतं.
तान्ह्या पोरीलाही असतं,
दात यायच्या आधीपासून.
त्यानं खोडरबर घासलं,
कागदाला केसाळ भोक पडता पडता राहिलं.

वडील पाट्या घडवायचे.
बेटावरचा काळा दगड, तासून, घासून,
चार पट्ट्यांची चौकट.
नखांत कायम ती राखाडी भुकटी.
सुट्टीत विहारातले भन्ते त्याच पाट्यांवर
आम्हाला मोन अक्षरं गिरवायला लावत.
जून उजाडला की शाळा, शाळेत बर्मी,
आणि तीच वाटोळी अक्षरं!
शेजाऱ्यानं विळा मागून न्यावा,
पिढ्यान् पिढ्या परत करू नये,
एक दिवस मुठीवर स्वतःचं नाव कोरावं, तसं.

आमच्या झेंड्यावर हंस आहे.
कथेत दोन होते:
समुद्रात टेकायला एवढीशी जागा,
एकाच्याच पायांपुरती.
नर उभा राहिला, मादी त्याच्या पाठीवर.
पेगू तिथंच वसलं म्हणतात. मग जळालं.
कचेरीत बसून मला वाटलं,
अक्षरं आमची अजून पाण्यात उभी आहेत,
पाठीवर भलतंच कुणी.

आम्हाला तळाईंग म्हणायचे.
कुणी सांगतं, म्हणजे पायदळी तुडवलेले.
कुणी सांगतं, तेलंगणातून आलेला शब्द, जहाजांबरोबर.
वडील म्हणायचे, शिव्यांची व्युत्पत्ती शोधू नये,
पाटी पुसावी.
आणि म्हणायचे, ही पोर नाव काढील.

काढलं की. हा बघा कागद.

सही करा, कारकून म्हणाला.
मी मोनमध्ये केली, पूर्ण,
रकान्याची रेघ ओलांडून.
त्यानं कागद जवळ धरला, लांब धरला.
अक्षरं तर सगळी ओळखीची, तो म्हणाला,
वाचता येतं, लागत मात्र नाही.
पहिलं काय आहे?

मी, मी म्हणाले.

त्यानं शिक्का मारला.
अर्धा सहीवर पडला, अर्धा टेबलावर.