भिंतीपलीकडचा बर्फ

पहाटे तीन चाळीसला आकडा अडकतो.
फलकावर ऑक्टोपस, सहाव्या होडीचा,
अकरा युरो चाळीस सेंट,
आणि तिथेच.

आमच्या गोदीत लिलाव वरून खाली उतरतो.
भाव गळत येतो, ज्याचा धीर आधी सुटतो
तो बटण दाबतो.
भावच गळेना, तर धीर कसा सुटायचा?
चाळीस खरेदीदार रबरी बुटांत उभे,
चाळीस अंगठे अधांतरी,
आणि लिलाववाला ब्रेइशो माझ्या काचेकडे असा बघतो
जणू मीच मासे परत समुद्रात ओतलेत.

पहिल्या रात्री मी क्वेरीवर आळ घेतला.
होड्यांच्या तक्त्याला नवा इंडेक्स बांधला, देखणा.
तीन चाळीस. अडकला.
दुसऱ्या रात्री मेमरी दुप्पट,
तिसऱ्या रात्री बॅकअपची वेळ ढकलली दुपारवर.
प्रोसेसर रिकामा बसलेला, हातावर हात ठेवून.
एक पान वाचायला एरवी नऊ मिलिसेकंद,
आता चारशे दहा.
आडात होतं सगळं,
पोहराच वर येईना.

चौथ्या क्रमांकाची डिस्क बदलली.
नवी भरायला अकरा तास लागले,
ते मी खुर्चीतच काढले, सार्डिनचा एक डबा उघडून.
कोरुन्याहून कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, फर्मवेअर बदलून बघा,
आजाऱ्याला हवापालट सुचवावा, तसं.
सोउतोसाहेबांनी फक्त बिल वाचलं.
मोठ्यानं.

आलेख मात्र खोटं बोलत नव्हता.
तीन चाळीसला कडा, पाच पाचला उतार,
रविवारी सपाट.
रविवारी लिलाव नाही, मग भार कुठला, मी म्हणाले,
आणि तरी चैन पडेना म्हणून रविवारी रात्री एकटीच आले,
शनिवारचं सगळं वाचन पुन्हा चालवलं, होडी न् होडी, पेटी न् पेटी.
नऊ मिलिसेकंद. नऊ. आठ. नऊ.
म्हणजे भार नाही.
मग काय?
रिकाम्या गोदीत मी हे मोठ्यानं विचारलं
आणि माझाच आवाज ओल्या फरशीवरून परत आला.

सोमवारी दोरिंदा कॉफी घेऊन आली, बर्फखान्यातली,
बोटं कायम लाल, कानात कापूस.
पेला सरळ कपाटावर ठेवलान, सर्व्हरच्या डोक्यावर.
अगं उचल, म्हणायला तोंड उघडलं
तर कॉफीवर वर्तुळं.
बारीक, एकात एक, न थांबणारी.
हे काय?
हे? नवं यंत्र. जुनं पार त्या टोकाला होतं ना,
फेब्रुवारीत इथे आणलं, तुझ्या भिंतीला लागून.
तीन चाळीसला बर्फ फोडायला घेतो आम्ही.
कोणी सांगितलं नाही तुला?

तबकडीवर केसापेक्षाही कमी उंचीवर तरंगतं ते डोकं,
आपली वाट शोधतं, भिंत हादरते, वाट हुकते,
मग पुढच्या फेरीची वाट बघायची,
पुन्हा हुकते,
पुन्हा.
एवढंच चाललं होतं आत, रोज पहाटे,
आणि मी त्याला औषधं पाजत होते.

बंद कर, म्हटलं. तिनं जाऊन खटका पाडला.
अकरा पस्तीस. अकरा तीस.
नऊ पंच्याऐंशीला कोणीतरी खोकल्यासारखं हसलं आणि बटण दाबलं.
दहा मिनिटं गोदी धावली,
मग ओरडा सुरू झाला पलीकडून:
बर्फ कुठाय?
बर्फ थांबवला तर मासा सडतो,
चालू ठेवला तर भाव गोठतो.
त्या रात्री दोरिंदा आणि मी पाळीपाळीनं
खटका पाडत आणि उचलत बसलो,
दहा मिनिटं तिची, दहा माझी.

आता कपाटाखाली होडीचे जुने टायर कापून घातलेत.
सोळा मिलिसेकंद. चालतं.
अहवालात कारणाच्या रकान्यात लिहिलं: कंपन.
सोउतोसाहेबांनी विचारलं, बिलात हे कुठे आहे?
ती चौथी डिस्क, जिचा काही दोष नव्हता,
माझ्या खणात आहे अजून.
टाकवत नाही.