लेव्हल

गाडी आधी बेकरीची होती.
अजून ऊन तापलं की पत्र्यातून
खारी-टोस्टचा वास सुटतो
आणि जेवून उठलो तरी भूक लागते.

ह्यांनी उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथ चालवली.
निरोपाला कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं.
ह्यांनी वर स्पिरिट लेव्हल मागून घेतली,
पितळी, वीतभर, आत हिरवा बुडबुडा.
घड्याळ पोराकडे आहे, हुबळीला.
लेव्हल गाडीत.

कुठंही मुक्काम म्हटला की आधी बुडबुडा.
मागच्या डाव्या चाकाखाली फळी,
मग अर्धी वीट,
मग, "सुनंदा, फरशीचा तुकडा आण गं, निळ्या पिशवीतला."
तोवर उजेड जातो,
तोवर जांबोटीचे डास
आमची वास्तुशांत उरकून घेतात.

इतकं कशाला वो, मी म्हणते,
एक रात तर निजायचंय.
"बेड वाकडा असला की सगळा जॉब वाकडा."
ते लेथच्या बेडबद्दल बोलत होते.
मी चादर घालत होते.

माझी लेव्हल म्हणजे तवा.
पीठ जिकडं पळेल ती बाजू खाली.
ह्यांचा बुडबुडा मधोमध असला तरी
माझं घावन चोर्ल्याकडं जाड
आणि बेळगावकडं नुसती जाळी.
हे काही बोलत नाहीत.
जाड बाजू मोडून आपल्या ताटलीत घेतात.

कणकुंबीच्या पुढं मोबाईल खुळा होतो.
गोव्यात स्वागत, कर्नाटकात स्वागत,
महाराष्ट्रात स्वागत, परत कर्नाटकात.
एका कप चहात चारदा.
गाडी तसूभर हललेली नसते,
विटा लावलेल्या असतात.

तिथंच एका रात्री गार्डानं काच वाजवली.
"यल्लिंद बंदीरी?"
हे म्हणाले, "इल्ले."
त्यानं बॅटरी आत फिरवली,
दोन उशा, लोणच्याची बरणी,
दोरीवर माझा परकर.
मग कुंदा खाल्ला, बोटं चाटली,
आणि जाता जाता सांगून गेला,
"अस्वल फिरतंय हिकडं. रातचं दार उघडू नका."
तेवढं मात्र मराठीत.
रात्रभर आम्ही एकमेकांना विचारत राहिलो,
तुला लागलीय काय?
नाही. तुम्हाला?

आणि मग हिडकल.
एप्रिलचं पाणी उतरलेलं,
बुडीत देवळाचं शिखर बाहेर आलेलं,
त्यावर एक पाणकावळा पंख वाळवत.
हे रिव्हर्स घेत होते. मी मागं, हातात बॅटरी.
या... या... अजून या...
चाक चिखलावर आलं आणि गाडी
आपल्या मनानं यायला लागली.
अहो, म्हटलं. अहो!
इंजिनाच्या आवाजात ते कुठं जातंय?
तो शब्दच मुळी स्वयंपाकघराच्या मापाचा.

"कल्लाप्पा!"

गाडी थांबली.
पाणकावळा उडाला.
पाणी हातभर लांब होतं.

हे उतरले. चाक बघितलं.
मग मला बघितलं, लग्नातल्यासारखं, चोरून.
"नाव घेतलंस," म्हणाले,
"ते पण उखाण्याशिवाय."

त्या रात्री विटा काढल्याच नाहीत.
डबे घरंगळले, बरणी घरंगळली,
आम्ही दोघं एकाच कडेला गोळा झालो.
साठीच्या माणसांना शोभत नाही इतके.
माझा हात बधिर झाला, तरी काढला नाही.

पहाटे जाग आली तर हे काठावर,
लेव्हल डोळ्यांसमोर आडवी धरून.
"काय बघताय?"
"पाणी."
बराच वेळ गेला.
"बरोबर आहे," म्हणाले.

मी स्टोव्ह पेटवला.
आधण एका बाजूनं उकळायला लागलं.
नाव जिभेवर आलं होतं,
परत घेऊन बघावं, साध्या आवाजात,
कुणी बुडत नसताना.

अहो, म्हटलं,
चहा.