हँडल

रहिमतपूरच्या काट्यावर कूपर चढवलं
तेव्हा पोऱ्यानं विचारलं, मामा, हँडल कुठाय?
धरलं असतं तर तीन किलो जास्त भरलं असतं.
हरवलंय, म्हणालो.
खोटं बोललो.

साताऱ्यात ओतलेलं ते बिडाचं धूड
दोन बैलगाड्यांतून गावात आलं म्हणे,
एकीत धड, एकीत चाक.
मी तेव्हा नव्हतो.
मला आठवतं ते त्याचं गरम पाणी,
टाकीच्या नळीतून पडणारं, जरासं तेलकट.
पौषात आम्ही पोरं त्याखाली कुडकुडत उभी राहायचो
आणि दिवसभर शाळेत
क्रूडच्या वासाची जागा सोडून बाकीची पोरं बसायची.

बाबालाल मिस्त्री सांगायचा :
अंगठा वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा.
हँडल उलटं फिरलं तर मनगट घेऊन जातं.
त्याचं एकदा गेलं होतं.
गडी दोघं-दोघं लागायचे.
इंदूआत्या एकटी सुरू करायची.
पदर खोचलेला, डावा हात लिव्हरवर,
एक फेरा, दोन, चार,
लिव्हर सोडून चटकन मागं.
फट्.
मग बराच वेळ काहीच नाही.
फट्. फट्फट्.
मग शिवारभर.

लग्नानंतर तीन महिन्यांत ती परत आलेली.
त्याविषयी कधी बोलली नाही.
इंजिनाविषयी बोलायची.
रात्री अंथरुणात पडल्यापडल्या सांगायची,
ह्ये देवकरांचं, नळीवर डबा पालथा घातलेलं,
त्ये वढ्यापल्याडचं, खोकतंय बघ.
आणि आपलं मधेच हलकं झालं, भरभर पळायला लागलं,
की उठून कंदील शोधायची.
हिरीनं तळ गाठला, बया.

सुगीला तेच इंजिन खळ्यावर.
पट्टा आठाच्या आकड्यात पिळून मळणीच्या चाकाला,
घसरला की राळेची चिमूट.
भुसा कुणाच्या अंगणात उडाला
यावरून दोन घरांत अजून बोलणं नाही.

आता मी पुण्यातून मोटर चालू करतो, मोबाईलवर.
आवाज येत नाही.
एक बाई सांगते, मोटर चालू झाली आहे.
मी तिच्यावर विश्वास ठेवतो.

यंदा फाल्गुनात गव्हाला हार्वेस्टर आलं.
पंजाबचं, जुनंच, रंग उडालेलं,
शिडीला दोरी बांधलेली.
बलकार नावाचा ड्रायव्हर, साठीकडे झुकलेला.
आत्या बांधावर खुर्ची टाकून, अनवाणी.
तिला आता ऐकू कमी येतं.
दोन फेऱ्या झाल्या आणि तिनं काठी वर केली.
थांबीव म्हणावं त्याला. पट्टा ढिला हाय.
तुला कसं कळलं?
पायाला कळतं की.
बलकारला मराठी येत नव्हतं,
आत्याला दुसरं काही येत नव्हतं.
तिनं ढेकळांत काठीनं आठाचा आकडा काढला.
तो थोडा वेळ बघत राहिला, उतरला,
बाजूचा पत्रा उघडून आत हात घातला
आणि तसाच, हात आत ठेवून, हसला.
पान्यासाठी पोराला हाक मारली.
तेवढ्यात आत्या पुढं जाऊन वाकली,
पट्टे, पुल्या, काळं ग्रीस,
सगळं नीट बघून घेतलं,
शेजारणीच्या स्वयंपाकघरात डोकावावं तसं.
मग म्हणाली, ह्याला हँडल न्हाय व्हय?
कुणी काही बोललं नाही.
अर्ध्या तासात शेत मोकळं झालं.

हँडल घरी आहे.
कोंबड्यांच्या खुराड्याचं दार त्यानं अडवतो.
मुठीची जागा तेवढी चकचकीत, बाकी गंज.
परवा अंडी काढायला गेलो, सहज हात घातला,
तर पडवीतून ओरडली,
अंगठा!
अंगठा वळवू नगंस.